खुसपटेंचं शेवटचं पान

१

खुसपटे गुरुवारी दुपारी गेले आणि सोमवारी सकाळी त्यांच्यावर आळ आला. निदान तेरा दिवस तरी लोकांनी दम धरायचा. पण जिभेला हाड नसतं, आणि कचेरीतल्या जिभेला तर नसतंच नसतं.

खुसपटे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. मोटारींची परीक्षा करणाऱ्या एका मासिकात त्यांनी एकोणतीस वर्षं फक्त खुसपटं काढली, म्हणून हे नाव पडलं. त्या मासिकाची रीतच तशी होती. प्रत्येक नवी गाडी दोघांनी वेगवेगळी चालवायची. एकाने तिच्या गुणांची वही भरायची, दुसऱ्याने दोषांची, आणि अंक छापून येईपर्यंत एकाने दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही. गुण लिहायचे साखरपेरे. हेही टोपणनावच. वहीत दोघं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला बसत, आणि वहीबाहेर एकमेकांवाचून दोघांचा चहा गळ्याखाली उतरत नसे.

या खेपेची गाडी होती विजेवर चालणारी, लांबीला आखूड पण बसायला उंच. जीप म्हणावी तर लहान, साधी मोटार म्हणावी तर ऐटबाज. सहा महिने परीक्षा चालली. शेवटची चाचणी घाटाची. साखरपेरेंनी ती मंगळवारी केली आणि खुसपटेंनी गुरुवारी. गुरुवारी एकच्या सुमारास घाट उतरून ते परत आले, मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गाडी लावली, सीटवर बसूनच वहीचं पान भरलं, आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. त्यांना पहिल्यांदा पाहिलं साखरपेरेंनी. डॉक्टरांना मृत्यूबद्दल काहीच शंका नव्हती.

शंका आली ती पानाबद्दल. सोमवारी संपादकबाईंनी कुलूपबंद कपाटातून दोषांची वही काढली आणि शेवटचं पान मुद्रितं तपासणाऱ्या आत्यांपुढे ठेवलं. आत्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांच्या चुका काढून काढून त्या सगळ्या कचेरीच्या आत्या झाल्या होत्या.

पानावर बॅटरीत किती टक्के चार्ज उरला याचे आकडे होते. घाटमाथा १००. पहिलं वळण ९७. पाण्याची टाकी ९३. जुना नाका ९०. पायथा ८६. आणि खाली दोनच शब्द : उणीव नाही.

"इतक्या वर्षांत एकदा तरी पाहिलंत असं?" संपादकबाईंनी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाल्या.

"आणि हे त्यांच्या खणात सापडलं." बाईंनी एक पत्र पुढे सरकवलं. तीच गाडी, खुसपटेंच्या मुलीच्या नावाने नोंदवलेली. सगळ्या जगाला पाच महिने थांबावं लागत होतं. हिला गाडी येत्या शुक्रवारी मिळणार होती. "मला बोलायला जड जातंय, आत्या. पण कुंपणच शेत खायला लागलं तर मी वाचकांना काय तोंड दाखवू? उद्या संध्याकाळी अंक छपाईला जातो. त्यात मी निवेदन देणार आहे, की दोषांची बाजू विश्वासार्ह राहिली नाही म्हणून आम्ही ती छापत नाही."

दारात कुणीतरी उभं होतं. वडिलांचं सामान न्यायला आलेली खुसपटेंची मुलगी. तिने सगळं ऐकलं होतं.

२

मुलगी घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायची. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते, आणि आवाज तर त्याहून कोरडा होता.

"आत्या, बाबा विकले गेले का?"

"अगं..."

"मला खोटा धीर देऊ नका. धीर मी रोज देते लोकांना, मला कळतं तो कसा असतो. बाबा विकले गेले असतील तर तसं सांगा. शुक्रवारी गाडी परत पाठवते, आणि घरी भिंतीवर लावलेला फोटोही उतरवते. पण खरं काय ते मला कळू दे."

आत्यांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "उद्या संध्याकाळपर्यंत फोटोला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या.

मग त्या वही घेऊन बसल्या. खुसपटेंनी भरलेली बासष्ट पानं होती. मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. डिकीत मोठी बॅग आडवी मावत नाही. थंडीच्या सकाळी पल्ला जाहिरातीपेक्षा बराच कमी भरतो. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे टायरांचा जास्त छळतो. वाऱ्याची दिशा बदलायलाही पडद्यावर बोट फिरवावं लागतं. तेवढ्यात समोरचा ट्रक थांबलेला असतो. बुधवारच्या एकाच पानावर सात उणिवा होत्या, त्यांतली एक तर सीटबेल्टच्या घंटीचा सूर कर्कश आहे अशी.

बुधवारी सात आणि गुरुवारी शून्य! एका रात्रीत एवढा बदललेला माणूस आत्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मग माणूस बदलला नसेल तर काय बदललं?

त्यांनी वही उलटीसुलटी केली. वही कसली, क्लिपात अडकवलेले छापील कागद. पेन्सिलीने, सुट्या ठसठशीत अक्षरांत भरायचे, म्हणजे छपाईसाठी अक्षरजुळणी करणाऱ्याला त्रास नको. असलं अक्षर कुणाचंही असू शकतं आणि असला कागद क्लिपातून कुणीही काढू शकतो.

पान बदललं होतं.

३

गुरुवारी दोन वाजता, रुग्णवाहिका गेल्याबरोबर, संपादकबाईंनी वही कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली होती. म्हणजे जे झालं ते एक ते दोनच्या दरम्यान. आत्या स्वतः तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडल्या होत्या. कचेरीत तिघंच होती : संपादकबाई, जाहिराती आणणारा जाहिरातवाला आणि साखरपेरे.

"माझ्यावर संशय?" बाई चिडल्या नाहीत, थकल्यासारख्या बसल्या. "घ्या. तुमचं कामच ते आहे."

"तुम्ही ही गाडी चालवलीत?"

"दर शनिवार-रविवार न्यायचे. माझं घर वरच, घाटमाथ्यावर. लोक म्हणतात रस्त्यात बंद पडेल, पल्ला पुरणार नाही. मी तर अर्धीमुर्धी भरलेली घेऊन यायचे, घरी प्लगसुद्धा नाही, आणि सोमवारी खाली पोचल्यावर उलट जास्तच निश्चिंत असायचे." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मला त्यांच्यावर आळ घ्यायची हौस नाही, आत्या. पण माझ्या मासिकाकडे एकच वस्तू आहे, लोकांचा विश्वास. तो गेला की उरलं काय?"

आत्यांना त्यांचं पटलं, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटली.

जाहिरातवाला मात्र पहिल्याच प्रश्नाला गडबडला. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं त्याचं तोंड झालं.

"नोंदणीचं पत्र तुम्हाला माहीत होतं," आत्या अंधारात तीर मारत म्हणाल्या.

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. मग एकदम म्हणाला, "तारीख मी अलीकडे आणवली. काकांनी गाडी रीतसर नोंदवली होती, सगळ्यांसारखी, पाच महिन्यांच्या रांगेत. मीच कंपनीत फोन करून सांगितलं की आमच्या माणसाची मुलगी आहे, जरा बघा. वाटलं, काका खूश झाले तर लेखणी थोडी मऊ होईल."

"झाली?"

"त्यांना सांगायची हिंमतच झाली नाही हो! पत्र आलं तेव्हा ते मलाच म्हणाले, एवढ्या लवकर कशी, चौकशी करतो. कळलं असतं तर पत्र फाडून माझ्या तोंडावर मारलं असतं." त्याने मान खाली घातली. "पानाला मी हात लावला नाही. आईशपथ."

निम्मा आळ तिथेच गळून पडला. पण निम्म्याने काय होतं? पान अजून "उणीव नाही" म्हणत होतं.

४

साखरपेरे अंगणात, शेडसमोरच्या बाकावर बसले होते. चार दिवसांत माणूस चार वर्षं म्हातारा झाला होता. आत्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या, तरी त्यांनी आवाज ऐकेपर्यंत वर पाहिलं नाही.

"तुम्ही त्यांना कसं पाहिलंत, साखरपेरे?"

"गाडी आली, पण हा उतरेना. म्हणून गेलो. वही मांडीवर होती. वाटलं, डुलकी लागली." ते थांबले. "हात अजून कोमट होता, आत्या."

आत्या त्यांच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या घाटाच्या पानाचं मुद्रित आणलंय. एकदा नजर टाका."

"तुम्हीच वाचा. तुमचा आवाज बरा आहे."

आत्यांनी वाचलं : "बैठक उंच, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार नाही. अरुंद गल्लीतही एका दमात वळते. घरच्या प्लगवर रात्री लावावी, सकाळी तयार. सिग्नल सुटताच मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकते. आणि घाट! ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप आवरते. अख्खा घाट उतरताना ब्रेकला पाय लावावा लागला नाही."

"छान लिहिलंय," आत्या म्हणाल्या.

"खुसपट्या असता तर म्हणाला असता, साखर जास्त झाली." साखरपेरे हसले, आणि हसता हसताच त्यांनी तोंड फिरवलं.

तिघांशी बोलून झालं होतं. तिघंही खुसपटेंवर जीव टाकणारी. त्यांतल्या एकाने मेलेल्या माणसाच्या मांडीवरचं पान बदललं होतं, आणि आत्यांच्या हातात पुरावा म्हणून होते फक्त पाच आकडे. ते त्यांनी इतक्या वेळा वाचले होते की पाठ झाले. आकडे आपले गुण्यागोविंदाने खाली उतरत होते, जशी गाडी घाट उतरते तसे. त्यांत चूक कुठे असणार?

आत्यांना गाडी चालवता येत नव्हती. पण गाडीत बसता तर येत होतं.

५

मंगळवारी सकाळी त्यांनी जाहिरातवाल्याला सांगितलं, "मला घाटावर घेऊन चल आणि परत आण. गप्पा नकोत."

त्याला गप्पांवाचून श्वास घेता येत नसे, पण त्या दिवशी तो मुकाट्याने चालवत होता. चढताना आत्या समोरच्या पडद्यावरचा आकडा पाहत राहिल्या. ऐंशी, पंच्याहत्तर, एकाहत्तर. घाटमाथ्यावर पोचले तेव्हा चौसष्ट उरले होते. समोर दवाखान्याच्या क्वार्टरांची रांग होती आणि त्यांतल्या कुठल्यातरी भिंतीवर एक फोटो होता.

"वळव," त्या म्हणाल्या.

उतार सुरू झाला. जाहिरातवाल्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि गाडी कुणी मागून धरल्यासारखी आवरली. पहिलं वळण गेलं. पाण्याची टाकी गेली. जुन्या नाक्यापाशी आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

पासष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट.

"अरे, हा आकडा बिघडलाय का?"

"नाही हो. उतारावर चाकं उलटी बॅटरी भरतात, म्हणून तर गाडी आवरते. आम्ही गिऱ्हाइकाला हेच पहिलं दाखवतो. घाट एकदा उतरला की कुणीही दिवसभर हेच सांगत सुटतं."

पायथ्याला एकोणसत्तर झाले होते. आत्यांनी पर्समधून शेवटच्या पानाची नक्कल काढली आणि मांडीवर ठेवली. घाट उतरणाऱ्या गाडीचे आकडे, आणि ते प्रत्येक वळणावर उतरणारे!

"गाडी थांबव जरा," त्या म्हणाल्या. त्यांना गुन्हेगार सापडला होता, आणि तो सापडायला नको होता असं वाटून त्यांना रडू येत होतं.

६

चार वाजता संपादकबाईंच्या खोलीत पाच माणसं होती. मुलगी खिडकीशी उभी होती. अंक छपाईला जायला दोन तास होते.

"पान खुसपटेंनी लिहिलेलं नाही," आत्यांनी सुरुवात केली. "ज्याने लिहिलं त्याला वाटलं, गाडी चालली म्हणजे चार्ज घटणारच. पेट्रोलच्या गाडीला हा हिशेब बरोबर. ही गाडी मात्र उतारावर भरते. हे तिच्यातून एकदा घाट उतरलेल्या कुणालाही माहीत असतं. बाई, तुम्ही दर सोमवारी वरून येता आणि खाली पोचल्यावर जास्त निश्चिंत असता. का?"

"कारण आकडा वाढलेला असतो," बाई सावकाश म्हणाल्या.

"आणि जाहिरातवाल्याचं तर ते पाठांतरच आहे. या दोघांना पान बनवायचं असतं, तर त्यांनी आकडे असे उतरते लिहिले नसते. उरलं कोण?"

आत्या साखरपेरेंकडे वळल्या.

"साखरपेरे, तुमच्या वहीत या गाडीचे चाळीस गुण आहेत. वळण्याचा गुण आहे, बैठकीचा आहे. उतारावर बॅटरी आपोआप भरते हा सगळ्यात मोठा गुण सहा महिन्यांत तुम्ही एकदाही लिहिला नाहीत. तुम्ही, आणि एखादा गुण सोडाल?" आत्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही घाट उतरलाच नाहीत. काल तुम्ही स्वतःचं मुद्रितसुद्धा मला वाचायला लावलंत. तुम्हाला दिसत नाही, हो ना?"

साखरपेरेंनी टेबलाची कड चाचपली आणि घट्ट धरली.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "मोठी अक्षरं जवळ धरली की दिसतात. रस्ता नाही दिसत. हे कळलं तर काम जाईल, आणि कामाशिवाय माझं आहे काय? खुसपट्याला कळलं होतं. गाडी तोच चालवायचा, मी शेजारी बसायचो, आणि रोज घरी सोडताना तो मला गुण सांगायचा. त्याला गुण दिसत नव्हते असं नाही. दिसायचे, तो मला द्यायचा. फक्त घाटाला आम्ही बरोबर गेलो नाही. त्याला वाटलं असेल, एक पान याने जमवलं तर जमवू दे. मी मंगळवारी गाडी दोन गल्ल्या पलीकडे हळूहळू नेऊन उभी केली आणि कंपनीच्या माहितीपत्रकावरून लिहून काढलं. उंटावरून शेळ्या हाकल्या."

"आणि गुरुवारी?" मुलीने विचारलं. पहिल्यांदाच.

"पान त्याच्या मांडीवर होतं. डोळ्यांना लावून वाचलं. त्याने गाडी वर पूर्ण भरली होती, शंभर, आणि मग उतरला. आता तुमचं ऐकून उमगतंय, बॅटरी भरलेली असली की तिला आणखी घ्यायला जागा नसते. मग गाडी आवरत नाही. पाय उचलला तरी सुसाट सुटते. त्याला पहिल्याच वळणावर करकचून ब्रेक मारावा लागला होता. आणि माझं पान सांगत होतं की ब्रेकला पायच लावावा लागत नाही! दोन्ही शेजारी छापली असती तर मी खोटा ठरलो असतो. त्याने सगळीकडे शंभर, शंभर लिहिलं होतं. म्हटलं, हे बघून कुणीतरी विचारेल असं कसं. म्हणून पटतील असे आकडे टाकले." त्यांनी श्वास घेतला. "लोक त्याला विकला गेला म्हणतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, पोरी. त्याला कुणी असं म्हणेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं."

"मग सोमवारी म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा घाबरलो. घाबरट माणूस आहे मी."

त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. फाडायला हात धजला नव्हता. आत्यांनी तो उलगडला. तेच ठसठशीत अक्षर, खाली अकरा उणिवा, पहिली उणीव ब्रेकची. आत्यांनी सवयीने पान उलटलं आणि त्या थबकल्या.

"मागेही लिहिलंय."

"मागे?" साखरपेरे म्हणाले. "मी मागे पाहिलंच नाही. काय आहे?"

आत्यांनी वाचलं : "हा मजकूर छापायचा नाही. मुलीला सांगणे. तुझं घर घाटाच्या माथ्यावर, रात्री गाडी प्लगला लावून झोपशील आणि सकाळी भरलेल्या गाडीने थेट उतारावर येशील. तसं करू नकोस. ऐंशीवर थांबव, म्हणजे गाडी तुला धरून ठेवील. बाकी दोष आहेत, पण दोष नसलेली गाडी मी पाहिलेली नाही. चांगली आहे. घे."

संपादकबाईंनी निवेदनाचा कागद उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि जुळणी करणाऱ्याला हाक मारली. "या पानाची नक्कल उतरवून घ्या आणि छापा. पहिली उणीव ठळक अक्षरांत."

साखरपेरे उठले. आपलं मुद्रित त्यांनी चाचपडत ओढून घेतलं आणि घाटाच्या मजकुरावर जाड काट मारली. "इथे लिहा, की मी ही गाडी चालवलेली नाही. माझ्या नावाने छापा," ते म्हणाले आणि भिंतीच्या आधाराने बाहेर पडले.

नक्कल झाल्यावर मुलीने मूळ कागद छातीशी धरला. शुक्रवारी गाडी येणार होती. शनिवारी सकाळी ती काठोकाठ भरलेल्या बॅटरीने त्या पहिल्या वळणावर आली असती, हे तिला समजत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर आत्यांना दिसत होतं. ती एकदम वळली आणि बाहेर गेली. आत्या घाबरून मागे धावल्या.

फाटकाशी साखरपेरे उभे होते. समोरच्या रस्त्यावर वाहनांची रीघ लागली होती आणि पाऊल कुठे टाकावं ते त्यांना कळत नव्हतं. मुलगी त्यांच्यापाशी जाऊन थांबली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, काका," ती म्हणाली.

"नकोच करूस."

"करणार पण नाही बहुतेक." तिने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्यांचा दंड धरला. "चला. रस्ता मोठा आहे."